एकाच बांबूचे चार आकडे. खरा कोणता?

बरडवावर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी 7:40

रामराम मंडळी.

फौजेतून हवालदार म्हणून उतरलो, गावी येऊन आता सहा वर्षं झाली. गाव आर्वी तालुक्यात. नोकरीत असताना छावणीच्या गोल्फ कोर्सवर आधी ड्युटी म्हणून गवत कापलं. मग एका साहेबांनी जुनी 7 नंबरची आयर्न, म्हणजे गोल्फची लोखंडी काठी, हातात दिली आणि तेव्हापासून हा रोग जडला तो जडलाच.

घरच्या वावरातलं अडीच एकर नुसतं बरड आहे. मुरूम वर आलेला, तूरसुद्धा गुडघ्याच्या वर जात नाही. तिथं मी तीन होल केले. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ. तिला पाणी कुठून आणणार, म्हणून ग्रीनच्या जागी ब्राऊन केले: चाळलेली रेती, तिच्यात जळकं ऑइल, वरून रूळ फिरवलेला. झेंडा म्हणजे बांबू आणि घरच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. गावात याला 'हवालदाराचं दांडूचं वावर' म्हणतात. म्हणोत.

परवा नागपूरच्या एका ओळखीच्याकडून वापरलेला लेझर रेंजफाइंडर, म्हणजे डोळ्याला लावून अंतर मोजायचं यंत्र, घेतला. डबा नाही, माहितीपुस्तिका नाही. दुसऱ्या होलच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, झेंडा धरला की कधी 128 दाखवतो, कधी 117, कधी 151. शिवाय कधीकधी खाली बारीक अक्षरात 124 पण येतो. पावलांनी मोजलं तर 154 पावलं भरतात. फौजेचं पाऊल, 30 इंची, त्यात चूक नाही. बांबू तोच, जागा तीच, मीही तोच. यंत्र बिघडलेलं गळ्यात मारलं का मला?

आणखी एक भानगड. शेजारच्या वावराचे काकाजी दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाहीत. झेंड्याच्या मागं त्यांच्या धुऱ्यावरचे सागवान आहेत, आणि मी सकाळ-संध्याकाळ डोळ्याला यंत्र लावून तिकडंच पाहतो. ते काय समजले असतील ते तुम्हीच समजून घ्या.


पऱ्हाटीवाला | रविवार, सकाळी 8:15

बाप्पा! इथं कापूस वेचाले मानूस भेटून नाई रायला अन् तुम्ही बांबूले लेझर मारून रायले. मजा हाय तुमची. त्यापेक्षा 'बरडावर काय पेराव' असा धागा काढा, चार लोकायच्या कामी येईन.


बरडवावर | रविवार, सकाळी 8:50

भाऊ, माझाही साडेतीन एकर कापूस उभा आहे आणि वेचणीला बाई मलाही मिळत नाही. बरडावर आजवर काय काय पेरून पाहिलं ते विचारू नका. झेंडे तेवढे उगवले.


गणितमास्तर | रविवार, सकाळी 9:30

हवालदारसाहेब, यंत्र शाबूत आहे. 117 ला 128 ने भागा. 0.914 येतं. एक यार्ड, म्हणजे आपला जुना वार, 0.9144 मीटरचा. तेव्हा 128 वार आणि 117 मीटर हे एकच अंतर आहे. आकड्याच्या बाजूला बारीक 'वाय' दिसतो की 'एम', ते पाहा. बटण चुकून जास्त वेळ दाबलं जात असेल आणि एकक बदलत असेल.

तुमच्या पावलांचा हिशोब पण करून पाहिला. 154 गुणिले 30 म्हणजे 4620 इंच. त्याला 36 ने भागलं की 128 वार आणि वर थोडं. तुमचं पाऊल आणि लेझर एकाच मताचे आहेत. सहा वर्षांनीही पाऊल 30 इंचीच पडतं म्हणजे कमाल आहे.

151 चं मात्र माझ्या गणितात बसत नाही. तिथं भिंगवाल्यांनी पाहावं.


पुण्यातला_वऱ्हाडी | रविवार, सकाळी 10:05

पण गोल्फवाले अजून यार्डालाच का धरून बसलेत? सगळीकडे मीटर आहे की.


गणितमास्तर | रविवार, सकाळी 10:40

आपणही धरूनच बसलो आहोत, फक्त लक्षात येत नाही. नऊवारी कशाची? नऊ वारांची. हवालदारसाहेबांचं दुसरं होल म्हणजे चौदा लुगडी एकापुढे एक अंथरायची आणि वर दोन वार. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे जुन्या मोजणीची बरोबर एक साखळी, 66 फूट. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब तुकडा म्हणजे एक एकर, 4840 चौरस वार. त्याचे 40 गुंठे. एक गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 11 वार बाय 11 वार. सातबारा आता हेक्टर-आरमध्ये येतो, पण पारावर बसून कोणी 'आर'मध्ये बोलतं का? विदर्भातल्या माणसाला वार परका वाटायचं कारणच नाही.

(वर्गात हे सांगितलं की पोरं जांभया देतात. इथं सांगून घेतलं.)


बरडवावर | रविवार, दुपारी 12:20

मास्तर, मानलं. वाय-एमच निघालं. बटणावरचा अंगठा जड पडत होता. आता मीटर बंद करून ठेवतो. उरले 151 आणि 124.


भिंगवाला | रविवार, रात्री 9:10

दिवसभर दुकानात होतो, आता निवांत लिहितो.

यंत्र करतं एवढंच: डोळ्याला न दिसणाऱ्या लेझरचा क्षणभराचा ठोका सोडतं आणि तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण 3 लाख किलोमीटर. तुमचा बांबू 117 मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 234 मीटर, त्याला 0.78 मायक्रोसेकंद लागतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एका वाराची चूक होऊ द्यायची नसेल तर यंत्राला सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखता यावा लागतो. म्हणून असे अनेक ठोके सोडून त्यातून आकडा काढला जातो.

आता 151. किरण दोऱ्यासारखा बारीक जात नाही, जाता जाता पसरतो. शंभर-सव्वाशे मीटरवर तो तुमच्या बांबूपेक्षा कितीतरी रुंद झालेला असतो. थोडा उजेड बांबूवर पडतो, बाकीचा बाजूनं निसटून पुढं जातो. पुढं काय आहे? काकाजींचा सागवान, त्याची सुपाएवढी पानं. तिकडून परत येणारा उजेड बांबूच्या मानानं भरपूर. हात जरा हलला की यंत्र सागाचं उत्तर देतं. साग झेंड्यापासून 23 वार मागं आहे का, ते मोजून पाहा. माझी पैज.

गोल्फच्या रेंजफाइंडरमध्ये यावर उपाय असतो. बहुतेकांत झेंड्याचं चिन्ह असलेला एक मोड असतो. त्यात दोन-तीन वस्तूंचे आकडे आले तर सगळ्यात जवळचा धरला जातो. कोणी थरथराट करून सांगतं, कोणी गोल खूण दाखवतं. शिकारीसाठी बनवलेल्या यंत्रांत उलटा मोड मिळतो, दूरची वस्तू धरायचा, कारण तिथं समोरच्या झुडपाच्या फांद्या सोडून पलीकडचं जनावर हवं असतं. तुमच्या यंत्रात झेंडा मोड चालू आहे का पाहा.

आणि एक देशी युक्ती. कित्येक कोर्सवर झेंड्याच्या काठीवर छोटा प्रिझम बसवतात, तो उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागं आपण जी रेडियमची पट्टी लावतो, ती तेच काम करते. वीतभर पट्टी बांबूला गुंडाळा.


बरडवावर | रविवार, रात्री 9:45

पैज जिंकलात. पहिला साग झेंड्यापासून 28 पावलं. म्हणजे 23 वार आणि वर काही इंच.


धुऱ्यावरची_बोर | रविवार, रात्री 10:30

काकाजीचं मात्र खरं हाय बरं का. आमच्या गावात असाच एक जन टेप घेऊन धुऱ्यावर उभा रायला होता, तं दोन घरायचं बोलनं आजपावेतो बंद हाय. धुरा म्हनला का मानूस भाऊ-भाऊ पाहत नाई. तुम्ही तं फौजी, अन् वरून डोयाले मशीन लावून. त्यायले वाटलं असन मोजनी करून रायला. नाई तं सागवानाचा व्यापारी आनून रायला. जाऊन चहा प्या त्यायच्या घरी.

बाकी कोनी या मशीननं धुरा मोजाच्या भानगडीत पडू नका. हद्द ठरवाची असन तं भूमी अभिलेखात मोजनीचा अर्ज करा, पैसे भरा, भूकरमापक येईन, खुना दाखवीन. गोल्फच्या मशीनच्या आकड्याले तहसीलात कोनी इचारत नाई.


माजी_कॅडी | सोमवार, सकाळी 6:25

मी कामठीकडचा. ऐन उमेदीची नऊ वर्षं कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्या साहेबांची पिशवी उचलत, काढली. तुमच्या चार आकड्यांची चर्चा वाचली, मजा आली. पण एक बोलू का? झेंडा किती लांब, हा प्रश्नच अर्धा आहे.

आमच्या वेळी हे यंत्र नव्हतं. कोर्सवर 100, 150, 200 यार्डांच्या खुणा असायच्या, त्याही ग्रीनच्या मध्यापर्यंतच्या. पुढचं आम्ही पावलांनी आणि नजरेनं भरायचो. साहेब विचारायचे, "कितना है?" आणि आम्ही कधीच झेंड्याचा आकडा आधी सांगत नसू. आधी सांगायचं, मधला खड्डा ओलांडायला किती. मग ग्रीनची पुढची कड किती. मागं जागा किती. झेंडा सगळ्यात शेवटी. कारण झेंड्याचा आकडा कानावर पडला की माणूस झेंड्यावरच मारतो, आणि झेंडा बरोबर बंकरच्या, म्हणजे रेतीच्या खड्ड्याच्या, मागं लावलेला असतो.

तुमच्याकडं तर ब्राऊन आहे आणि पुढं मुरूम. चेंडू पडला की उसळणार आणि धावणार. 128 वर टाकलात तर तो काकाजींच्या सागातच जायचा. म्हणून दोन आकडे घ्या. एक ब्राऊनच्या पुढच्या कडेचा, तिथं पांढरा चुना मारलेला एक गोटा ठेवा आणि यंत्र त्यावर धरा. दुसरा मागच्या धोक्याचा, म्हणजे सागाचा. तुम्हाला जो 151 चुकीचा वाटत होता, तोच सगळ्यात कामाचा आकडा आहे. त्याच्या अलीकडं चेंडू थांबला पाहिजे.


भिंगवाला | सोमवार, सकाळी 9:00

वा, कॅडीसाहेब. 151 कडे असं मी पाहिलंच नव्हतं.

124 राहिलं. तुमचं वावर नाल्याकडं उतरतं ना? यंत्रात कोन मोजायची सोय असणार. टीपेक्षा झेंडा साधारण चार वार खाली असेल, तर कोन पावणेदोन-दोन अंशांचा होतो. उताराला चेंडू जरा जास्त हवेत राहतो, म्हणून यंत्र म्हणतं, 128 असलं तरी 124 समजून मार. चढाला उलट, आकडा वाढवून देतं. यालाच स्लोप म्हणतात. ढोबळ हिशोब असा की जेवढे वार खाली-वर, जवळपास तेवढेच वजा-अधिक. मात्र वारा, ऊन, मुरूम यातलं काही त्याला कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, हवा विरळ होते, तोच फटका जानेवारीच्या सकाळपेक्षा लांब जातो. तो फरक ज्याचा त्यानं ओळखायचा.


नियमबुक | सोमवार, सकाळी 11:15

स्लोपचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो, नाहीतर हवालदारसाहेब एखाद्या स्पर्धेत जाऊन अडकायचे.

2019 च्या आधी अंतर मोजायचं यंत्र मुळात निषिद्ध होतं. स्पर्धेच्या कमिटीनं स्थानिक नियम करून परवानगी दिली तरच चालायचं. 2019 च्या नियमांत हे उलटं झालं. नियम 4.3 प्रमाणे अंतर आणि दिशा मोजायला आता परवानगी आहे, कमिटीला नको असेल तर तिनं तसा स्थानिक नियम करायचा. पण चढ-उतार मोजायला मनाई कायम. यंत्रात स्लोप असला तर चालतो, खेळताना तो बंद हवा. म्हणून पुष्कळ यंत्रांना बाहेरून दिसणारी स्लोपची कळ असते, सोबतच्या खेळाडूंना लांबूनही कळावं. वापरलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) पहिल्या चुकीला दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा सापडलात तर बाद.

मोठ्या स्पर्धांत हे यंत्र यायला बराच वेळ लागला. पुरुषांच्या चार मेजरपैकी, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी, पीजीए चॅम्पियनशिपनं 2021 मध्ये आधी मुभा दिली, अमेरिकेत कियावा आयलंडला. त्या वर्षी फिल मिकेलसन 50 व्या वर्षी जिंकला, इतक्या वयात मेजर जिंकणारा तो पहिलाच. यंत्रामुळे जिंकला असं मात्र कोणी म्हणू नका.


माजी_कॅडी | सोमवार, दुपारी 1:05

मुभा दिली ती खेळ लवकर आटपावा म्हणून. मी तर पाहतो, लोक आधी यंत्र काढतात, मग चष्मा वर करतात, मग तीनदा दाबतात, मग शेजाऱ्याला विचारतात "तुझं किती?" तेवढ्यात आम्ही पावलं मोजून पिशवी खाली ठेवलेली असायची.


पुण्यातला_वऱ्हाडी | सोमवार, दुपारी 1:30

मग जीपीएसवालं घड्याळ का नाही घेत? दाबायचं नाही, धरायचं नाही.


भिंगवाला | सोमवार, दुपारी 2:10

घड्याळात त्या कोर्सचा नकाशा आधीपासून असावा लागतो. आर्वीजवळच्या बरडाचा नकाशा कोण भरून ठेवणार! शिवाय जीपीएस ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड सांगतं, आज झेंडा कुठं रोवलाय ते त्याला दिसत नाही. चार-पाच मीटर इकडंतिकडंही होतं. टेकाडापलीकडं झेंडाच दिसत नसेल तेव्हा मात्र घड्याळ जिंकतं, कारण लेझरला समोर दिसेल तेवढंच मोजता येतं. डिसेंबरात धुवारी दाट पडली की लेझर धुक्याच्या थेंबांवरच आपटून भलताच आकडा देतो, हेही लक्षात ठेवा.


विहिरीकाठी | सोमवार, रात्री 8:00

इतक्या चर्चेत एक गोष्ट कोणी विचारली नाही. ते जळकं ऑइल रेतीत घालताय, तर विहीर किती लांब आहे? लेझरनं तेही मोजा. पहिल्या पावसात ते तेल कुठं जातं ते मुरमाला माहीत.


बरडवावर | सोमवार, रात्री 8:40

बरोबर पकडलंत. विहीर वरच्या अंगाला आहे, पण नाला खालीच आहे. पुढच्या वेळी नुसती रेती आणि रूळ. चेंडू थोडा अडखळेल, अडखळू दे.


बरडवावर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी 10:00

मंडळी, हकिकत सांगायची राहिली होती. वेचणी चालू होती.

झेंडा मोड सापडला, लावला. आर्वीतून ट्रॉलीची रेडियम पट्टी आणली, बांबूला गुंडाळली. टीवरून वीस वेळा दाबलं. एकोणीस वेळा 128, एकदा 127. कोपर पोटाशी दाबून आणि श्वास रोखून धरायचं, रायफलसारखंच. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

कॅडीसाहेबांच्या सांगण्यावरून चुन्याचा गोटा ठेवला. पुढची कड 119. मग वाटलं, आपला 7 नंबर नक्की किती जातो तेही पाहावं. मी आजवर छातीठोकपणे 140 सांगत आलोय. दहा चेंडू मारले. पुतण्याला पुढं उभं केलं, जिथं चेंडू पडेल तिथं त्यानं काठी रोवायची. दोन चेंडू जमिनीच्या भेगेत गेले, काळ्या मातीचा एक पट्टा आहे तिकडं, ते बाद केले. उरलेल्या आठांचं सरासरी काढलं. 121.

एकशे एकवीस! छावणीत असताना दर वेळी चेंडू ग्रीनच्या अलीकडं पडायचा आणि मी वाऱ्याला शिव्या द्यायचो. वारा बिचारा निर्दोष होता. साहेबही कधी बोलले नाहीत, बहुतेक त्यांचाही 140 असाच असावा.


नियमबुक | शनिवार, सकाळी 10:35

भेगेत गेलेला चेंडू फुकट उचलता येत नाही बरं का. कमिटीनं ती जागा दुरुस्तीतली म्हणून जाहीर केली असेल तरच.


बरडवावर | शनिवार, सकाळी 10:50

कमिटी मीच आहे. आत्ताच जाहीर केली.


धुऱ्यावरची_बोर | शनिवार, सकाळी 11:20

अन् काकाजीचं काय झालं?


बरडवावर | शनिवार, दुपारी 12:15

चहाला गेलो होतो. यंत्र सोबत नेलं. आधी हात लावायलाच तयार नव्हते, म्हणे लेझरनं बैलाचे डोळे जातील. सांगितलं की याचा उजेड डोळ्याला धोका नसलेल्या वर्गातला असतो, फक्त यातून सूर्याकडं पाहायचं नाही. मग लावलं डोळ्याला. सहापट मोठा दिसतो ना, स्वतःचा साग पाहून खुश झाले. पहिला प्रश्न, "गोलाई सांगते का हे?" म्हटलं, नाही काकाजी, फक्त अंतर सांगते. तोंड उतरलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग डीपीपासून माह्या विहिरीलोक किती वायर लागन, हे तं सांगन?"

मीटरवर करून दिलं. 214. वर झोळ आणि जोडासाठी वेगळी धरा म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावयाला कुंपणाची जाळी घ्यायची होती, परवा त्यांच्या भाच्याला पाइप. यंत्र तेव्हापासून त्यांच्याच घरी आहे, आणि मी पुन्हा पावलांवर आलोय.


पऱ्हाटीवाला | शनिवार, दुपारी 12:40

सेल काढून द्याचा होता ना भाऊ.


बरडवावर | शनिवार, दुपारी 12:55

सेल त्यांनीच संपवला. सीआर 2 लागतो, गावात मिळत नाही. आर्वीतल्या फोटो स्टुडिओवाल्याकडं एकच होता, तोही काकाजींनीच आणला. आता मागायला कोणत्या तोंडानं जाऊ?